एकचा ठोका

१

कप्तानीणबाईंचं खिशातलं घड्याळ भर दुपारी, साठ घड्याळांच्या देखत नाहीसं झालं.

मी डबा घेऊन दुकानात पोचले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या डब्याची वेळ मी एकदाही चुकवलेली नाही. घड्याळजीच्या घरात पडलेल्या बाईला दुसरा इलाजच नसतो. तरी बाबा मला बघताक्षणी ओरडले, "किती हा उशीर! वाट बघून बघून जीव गेला माझा!"

बाबा ओरडले याचंच मला नवल वाटलं. ते फार रागावले तर चष्मा काढून पुसतात, बस्स. आज मात्र सदरा पाठीला चिकटला होता, चेहरा पांढराफटक पडला होता आणि बोटं थरथरत होती. केसाएवढी स्प्रिंग उचलतानाही ती बोटं कधी हलत नाहीत.

त्यांच्यासमोर चिमटेभाऊ मान खाली घालून उभे होते. हे दुकानातले कारागीर. उंच, हडकुळे, पाय लांबच लांब, म्हणून सगळी गल्ली त्यांना चिमटे म्हणते. एकोणीस वर्षं ते बाबांच्या हाताखाली आहेत. मी या घरात आले त्याच्याही आधीपासून.

"घड्याळ इथं टेबलावर होतं," बाबा म्हणाले. "मी पोराशी बोलायला पायरीवर गेलो, परत आलो, तर नाही! आत तू एकटा होतास. सकाळभर मागच्या खोलीत काय करत होतास ते सांग."

"कामात होतो," चिमटेभाऊ म्हणाले.

"कसल्या कामात?"

चिमटेभाऊंनी मागच्या खोलीकडे एकदा बघितलं.

मी कसंबसं बाबांना डब्यासमोर बसवलं आणि कोपऱ्यातल्या उंच घड्याळाला पाठ टेकवून उभी राहिले. खांद्याशी बारीक टिकटिक चालली होती. त्या दुकानात ती सगळीकडूनच येते, तिच्याकडे कोण लक्ष देतं!

घड्याळ कप्तानीणबाईंच्या नवऱ्याचं. तीस वर्षं ते त्याच्यासोबत जहाजावर फिरलं. नवरा गेला, आता नात उद्या शिकायला दूर निघाली आहे आणि बाईंना ते तिच्या हातात द्यायचं होतं. आज पाच वाजता त्या न्यायला येणार होत्या.

बाबांचं जेवण झालं. अर्ध्या तासात चेहऱ्यावर रंग आला, हात थांबले, आवाजही खाली उतरला. पण राग तसाच राहिला. उलट आता तो शांतपणे बोलत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"पाचच्या आत घड्याळ टेबलावर आलं नाही, तर मी पोलिसांना बोलावणार," ते म्हणाले.

चिमटेभाऊंनी आपली पिशवी उलटी करून दाखवली, खिसे बाहेर काढून दाखवले. दुकानातले खण, डबे, केराची टोपली, सगळं पालथं घालून झालं. मग त्यांनी आपली हत्यारं एकेक करून फडक्यात गुंडाळायला घेतली.

"सापडलं तरी मी जातो, वहिनी," ते हळूच म्हणाले. "एकोणीस वर्षांनी माझी पिशवी उलटी करावी लागली. आता कशाला थांबू?"

२

माझं डोकं ठणकायला लागलं होतं. चार दुकानं पलीकडे औषधांचं दुकान आहे, तिथं गेले. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. साठीच्या आहेत, अंगानं गोल आहेत आणि भलत्या चौकस. गोळी मागितली की आधी उलटतपासणी होते.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"मावशी, डोकं दुखतंय, पोट नाही."

"म्हणून तर विचारते. ही गोळी रिकाम्या पोटाच्या अस्तराला झोंबते. डोकं थांबेल आणि पोट सुरू होईल. आधी दोन बिस्किटं खा."

बिस्किटं खाता खाता मी सगळं सांगून टाकलं. सांगताना मला रडू आलं, हे कबूल करते. कारण पायरीवर बाबांशी बोलायला आलेला 'पोरगा' म्हणजे माझा नवरा. त्याला हे दुकान बंद करायचं आहे. चिमटेभाऊ चोर नसतील तर दुकानात दुसरं कोण आलं होतं, हा विचार मी मनात येऊ देत नव्हते, आणि तो येतच होता.

मावशींनी चोराबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"घाम आला होता म्हणालीस? हात थरथरत होते? आणि जेवल्यावर सगळं थांबलं?"

"हो, पण त्याचं काय..."

"सोमवारी तुझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी साखरेची नवी गोळी दिलीय. मीच दिली इथून. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलंय, जेवणासोबत." त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला. "आज गोळी कधी घेतली त्यांनी?"

"एकला. रोज एकलाच घेतात. दारावरच्या घड्याळाचा ठोका पडला की गोळी, मग हात धुणं, तोवर मी डबा घेऊन हजर. आज तर मुद्दाम सांगत होते, ठोका पडला आणि लगेच घेतली म्हणून."

"गोळी एकला, डबा एक वाजून पाचला." मावशींनी बोटांवर मोजलं. "मग एवढा घाम यायला नको होता. यात काहीतरी पाणी मुरतंय."

त्यांनी मदतनीस बाईंना गल्ल्यावर बसवलं आणि चपला घातल्या.

वाटेत शेजारचा चष्मेवाला दारात उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच होती. "चोर नंतर शोधा हो, वहिनी," तो म्हणाला. "आधी तुमच्या दारावरच्या घड्याळाला कुणाला तरी दाखवा. वेड लागलंय त्याला!"

मला त्याच्या थट्टेचा राग आला आणि मी पुढे निघाले. मावशी मात्र मागे रेंगाळल्या.

३

दुकान लांबट आहे. पुढे खिडकीच्या उजेडात बाबांचं टेबल, त्यामुळे दाराकडे त्यांची पाठ. टेबलाशेजारी, दुरुस्त झालेली घड्याळं ठेवायला, काचेचं कपाट. मागे फळ्यांच्या आडोशापलीकडे चिमटेभाऊंची खोली. भिंतींवर दुरुस्तीला आलेली साठेक घड्याळं. एकात सव्वातीन, दुसऱ्यात पावणेनऊ, तिसरं उलटं टांगलेलं. ठोके सगळ्यांचे बंद करून ठेवलेले, नाहीतर माणूस वेडा होईल. वाजायची परवानगी फक्त दारावरच्या गोल घड्याळाला. बाबांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं बनवलेलं ते पहिलं घड्याळ. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

मावशी बाबांसमोरच्या स्टुलावर बसल्या. "घड्याळजी, गोळ्या बघू."

"माझं घड्याळ गेलंय आणि तुम्हाला गोळ्या सुचतात?"

"माझा धंदाच तो."

बाबांनी खिशातून पट्टी काढली. मावशींनी मोजली. "दहा होत्या. सोमवारपासून आज शुक्रवार, पाच दिवस. पाच उरायला हव्यात. इथं सहा आहेत."

बाबांनी चष्मा काढला आणि पुसला. "मंगळवारी राहिली असेल. ठोका ऐकल्याचं आठवत नाही मला. कामात होतो."

"सोमवारी मी नवी गोळी देताना विचारलं होतं, डावा कान कसा आहे. काय म्हणाला होतात?"

"तो बंदच आहे. सात वर्षं झाली. त्याचा इथं काय संबंध? उजव्यानं मला मुंगीचं चालणंही ऐकू येतं."

"चालणं ऐकू येतं, पण मुंगी कुठल्या बाजूला आहे ते कळतं का?"

बाबांचा हात डाव्या कानाकडे गेला.

तेवढ्यात मी बोलावल्यावरून माझा नवरा आला. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. मावशींनी त्याला एवढंच विचारलं, की तो कधी आला आणि कधी गेला.

"पावणेबाराला आलो. दहाएक मिनिटं पायरीवर बोललो. नेहमीचंच." त्यानं बापाकडे एक नजर टाकली. "बाबा आत गेले. मी चपलेचा बंद लावत होतो, तेव्हा खिडकीतून दिसलं. ते घड्याळ कानाला लावून बसले होते."

"खोटं!" बाबा म्हणाले. "मी आत आलो तेव्हा घड्याळ नव्हतं!"

"बाबा, मी डोळ्यांनी बघितलं. साखळी लोंबत होती."

दोघंही खोटं बोलण्यातले नव्हते, आणि दोघांपैकी एकाचं तर चुकत होतं.

मावशींनी शांतपणे विचारलं, "घड्याळजी, पायरीवरून आत आल्यापासून सूनबाई येईपर्यंत सव्वा तास गेला. काय काय केलंत, सांगा बघू."

बाबांनी तोंड उघडलं. आठवायला लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. ते घाबरले होते.

"भूक लागली होती," ते म्हणाले. "आणि... डबा येत नव्हता. पुढचं..."

पुढचं त्यांच्याकडे नव्हतंच.

४

मावशी मागच्या खोलीत गेल्या आणि मलाही सोबत घेतलं. चिमटेभाऊंनी फडक्याला गाठ मारली होती.

"चिमटे," मावशी म्हणाल्या, "शेजारच्या चष्मेवाल्यानं आज सव्वाअकराच्या चहाला बाराचे ठोके ऐकले. पाठोपाठ एकचा. त्यानं कप ठेवून मनगटाकडे बघितलं म्हणे. दारावरचं घड्याळ कुठं होतं तेव्हा?"

चिमटेभाऊ खुर्चीत बसले. उंच माणूस असा एकदम बसला की फार थकलेला दिसतो.

"इथं होतं," ते म्हणाले. "या टेबलावर. सकाळी बाबा यायच्या आधीच उतरवलं. ते आत शिरतात तेव्हा दार पाठीमागे राहतं, वर बघत नाहीत. पायरीवर गेले तेव्हा परत टांगलं."

"का उतरवलंत?" मी विचारलं.

"ठोक्याच्या हातोडीचं चामडं झिजलं होतं. बाराचे ठोके जोरात पडायचे, पण एकचा एकटा ठोका कधी कधी पडतच नव्हता. मंगळवारी पडला नाही, आणि मंगळवारी बाबांची गोळी राहिली. मी बघितलं." ते आपल्या हातांकडे बघत बोलत होते. "नवीन चामडं लावलं. सकाळभर फडकं गुंडाळून तपासत होतो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. शेवटी एकदाच मोकळं वाजवलं. बारा आणि एक. वाटलं, ते कामात आहेत, लक्ष जाणार नाही."

"मग हे दुपारीच का नाही सांगितलंत?" मला राहवेना. "चोर म्हणून घेतलंत, पण हे सांगितलं नाहीत?"

"काय सांगू, वहिनी? ज्यांनी मला हातोडी धरायला शिकवली, त्यांना सांगू की तुमच्या घड्याळाचा ठोका चुकतोय आणि तुम्हाला ते ऐकू येत नाहीये?"

मावशींनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला.

पुढे टेबलाशी बाबांची खुर्ची करकरली. फळ्यांचा तो आडोसा काही भिंत नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

पावणेपाच झाले होते.

५

"आता ऐका," मावशी पुढे येऊन म्हणाल्या. आम्ही चौघं त्यांच्याभोवती उभे राहिलो.

"जेवलं की रक्तात साखर चढते. ही गोळी ती आवरायला शरीराला कामाला लावते. पोटात जेवण असेल तर दोघांचं बरोबर जमतं. जेवण आलंच नाही, तर गोळी बिचारी थांबून राहत नाही. असलेली साखरच खाली आणते. मग घाम, थरथर, राग, आणि डोक्यात धुकं. पोटाला झोंबते म्हणून जेवणासोबत घ्यायची ती डोकेदुखीची गोळी वेगळी, ही वेगळी. दोन्हींच्या पाकिटावर मात्र मी एकच शब्द लिहिते. पुढे तो घेणाऱ्याच्या हातात.

"घड्याळजींनी गोळी जेवणासोबत घेतली नाही. ठोक्यासोबत घेतली. एरवी चाललं असतं, कारण पाठोपाठ डबा येतो. आज एकचा ठोका पडला सव्वाअकराला. ऐकणारा कान एकच, त्यामुळे तो दारावरून आला की मागच्या खोलीतून, हे कळायला मार्ग नाही. बघायला साठ घड्याळं आहेत, पण या दुकानात घड्याळाकडे बघून वेळ कोण ठरवतं? हात खिशात गेला, गोळी पोटात गेली, आणि डबा यायला जवळजवळ दोन तास होते. खरे बारा आणि एक वाजले, तोवर डोक्यात धुकं साचलं होतं."

"म्हणून म्हणाले, उशीर," मी पुटपुटले.

"त्यांच्या हिशेबानं उशीरच होता. आता घड्याळ. बाराच्या सुमाराला ते त्यांच्याच हातात होतं, पोरानं बघितलंय. त्यानंतर दुकानात कुणी आलेलं नाही, आणि चिमटे मागे होते. म्हणजे घड्याळ ज्यानं ठेवलं तो माणूस एकच."

बाबांनी टेबलाची कड घट्ट धरली. "मी? मी ठेवलं आणि मला आठवत नाही?"

"डोकं मंदावतं तेव्हा हात जुन्या सवयीनं चालतात. घड्याळजी, हे काचेचं कपाट यायच्या आधी, फार पूर्वी, दुरुस्त झालेलं खिशातलं घड्याळ तुम्ही चालवून बघायला कुठं ठेवायचात?"

बाबांनी दुकानभर नजर फिरवली. मग त्यांचा हात हळूहळू कोपऱ्याकडे वळला.

कोपऱ्यातलं उंच घड्याळ आठ वर्षं बंद आहे. त्याचा लंबक काढून ठेवलाय, पेटीला कुलूप आहे, किल्ली बाबांच्या जुडग्यात. सवड झाली की दुरुस्त करणार, असं ते दरवर्षी म्हणतात.

आणि दुपारी मी त्याला पाठ टेकवली तेव्हा ते टिकटिकत होतं.

मी जाऊन लाकडाला कान लावला. बंद पेटीच्या आत बारीक, भरभर, नेटकी टिकटिक चालली होती. बाबांनी किल्ली लावली, पहिल्यांदा भोकात बसेना. दार उघडलं. आतल्या लोखंडी आकड्याला, लंबकाच्या जागेशेजारी, कप्तानाचं घड्याळ साखळीनं लटकत होतं आणि अगदी बरोबर वेळ दाखवत होतं.

माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्याकडे बघितलं, तर तोही माझ्याकडेच बघत होता. माझ्या मनात काय येऊन गेलं ते त्यानं ओळखलं असावं. मी मान खाली घातली.

पाचच्या ठोक्याला कप्तानीणबाई आल्या. दारावरच्या घड्याळानं पाच ठोके स्वच्छ, खणखणीत दिले. बाईंनी नवऱ्याचं घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले, आणि "तसंच आहे," एवढंच म्हणून गेल्या. त्यांना यातलं काहीच कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

त्या गेल्यावर मावशींनी पट्टी माझ्या हातात दिली. "ही आता तुझ्याकडे. रोज एक गोळी डब्याच्या झाकणात. झाकण उघडलं, पहिला घास घेतला, की गोळी. घड्याळांचा याच्याशी काही संबंध नाही."

चिमटेभाऊंनी फडक्याची गाठोडी उचलली होती. बाबा त्यांच्या वाटेत उभे राहिले. सत्तरीचा माणूस, आयुष्यात कुणाची माफी मागितली नसेल. त्यांनी गाठोडी चिमटेभाऊंच्या हातातून घेतली, आपल्या टेबलावर ठेवली आणि स्वतः गाठ सोडायला बसले. गाठ घट्ट होती. बराच वेळ लागला. मग एकेक हत्यार काढून ते खिडकीच्या उजेडात, आपल्या हत्यारांशेजारी मांडत गेले.

"मी चुकलो," ते म्हणाले. "उद्यापासून इथं बस. मागे उजेड कमी आहे. आणि माझ्या घड्याळात काही चूक दिसली, तर मला सांगायची. लपूनछपून दुरुस्त करायची नाही."

चिमटेभाऊ जागचे हलले नाहीत. "आणि तुमच्यात दिसली तर?"

बाबांनी चष्मा काढला. या वेळी तो पुसला मात्र नाही.

"ती आधी सांग," ते म्हणाले.

चिमटेभाऊ खाली बसले. मी डबा उचलला आणि घरी निघाले.